तेल कोणी टाकलं

बायकोला सांगितलं नाही. दादाला नाही. बाबा गेले, तेही ऐकल्याशिवायच गेले. सात वर्षं झाली या गोष्टीला, अन् या सात वर्षांत कितीदा तोंड उघडलं अन् दुसरंच काहीतरी बोलून मिटलं, ते मलाच माहीत. तुम्हाला सांगून राहिलो, कारण तुम्ही मला ओळखत नाही. उद्या सौंसरच्या बाजारात समोरासमोर आलो तरी तुम्हाला कळणार नाही की हाच तो. भित्रेपणाच आहे हा — पण एवढा भित्रेपणा करून सांगणंही आजवर जमलं नव्हतं.

कुठून सुरू करू? गाडीपासून करतो. गाडीबद्दल बोलणं सोपं जाते.

माझा मोठा भाऊ, आमचा दादा, पुण्यात इंजिनियर. त्यानं हौसेनं एक जुनी विदेशी स्पोर्ट्स कार घेतली होती. दोन दारं, दोनच सीट, रंग पिवळा, अन् इतकी बुटकी की आत बसायचं म्हणजे आधी गुडघे दुमडून खाली उतरायचं. कंपनीनं त्याला दोन वर्षांसाठी परदेशात पाठवलं. पुण्यात गाडी ठेवायला जागा नाही, म्हणून ती आली सौंसरला. आमचा संत्र्याचा व्यापार, गोदाम घराला लागूनच. रिकाम्या पेट्या एका बाजूला सारल्या अन् टिनाखाली गाडी उभी केली. जाताना दादानं मला दोनच गोष्टी सांगितल्या. पंधरा दिवसांतून एकदा गाडी फिरवून आणायची, पंपावरचं साधं पेट्रोल टाकायचं. अन् मारोतकाकांशिवाय बोनटला कोणाचा हात लागू द्यायचा नाही.

मारोतकाका म्हणजे मारोतराव मिस्त्री, पांढुर्ण्याचे. जाम नदीकडं उतरणाऱ्या रस्त्यावर त्यांचं दुकान होतं — टिनाचा शेड, वर पाटीसुद्धा नाही. बाबांनी तरुणपणी जीप घेतली तेव्हापासूनचा दोघांचा दोस्ताना. बाबांना ते ‘भाऊ’ म्हणत, अन् मला लहानपणापासून बाल्या. आता कॉम्प्युटर लावून गाडीचा आजार काढतात. काका लांब पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर घेत, टोक इंजिनवर टेकवत, मूठ कानाला लावत अन् डोळे मिटून ऐकत बसत. मग म्हणत, दोन नंबरचा वॉल्व्ह कटकट करून राहिला. उघडून पाहिलं की तेच निघायचं. मी स्वतः पाहिलं आहे, एकदा नाही, वीसदा.

अन् मी? मी मास्तर. इथल्या एका शाळेत अकरावी-बारावीला केमिस्ट्री घेतो — राज्य हिंदीचं, म्हणून शिकवतो हिंदीत, चिडतो मराठीत. दरवर्षी फळ्यावर ऑक्टेन नंबर लिहितो अन् दरवर्षी तेच बजावतो, की ऑक्टेन जास्त म्हणजे ताकद जास्त असं काही नसते. इंधन दाबाखाली वेळेआधी पेटू नये, एवढंच त्या आकड्याचं काम. ज्या इंजिनला गरज नाही त्यात टाकून काडीचा उपयोग नाही. परीक्षेला हमखास येणारा प्रश्न आहे. पोरांच्या उत्तरावर लाल पेनानं रेघा मारणारा माणूस मी — आता हसा तुम्ही.

कारण मीच टाकलं. शर्यतीचं तेल.

नागपूरला माझा कॉलेजातला एक दोस्त आहे, शर्यतीच्या गाड्या तयार करतो. त्याच्याकडं गेलो होतो दुसऱ्याच कामानं. मोबाइलवर त्याला पिवळ्या गाडीचा फोटो दाखवला — माझी आहे, असं म्हटलं नाही, पण दादाची आहे असंही म्हटलं नाही. त्याच्या गोदामात लोखंडी डबे होते, बाहेरून मागवलेले. आत निळं पेट्रोल, गोडसर वासाचं. डब्यावर इंग्रजीत स्वच्छ लिहिलेलं: फक्त शर्यतीसाठी, रस्त्यावरच्या गाडीत वापरू नका, यात शिसं आहे. मी ते दोनदा वाचलं. शिसं काय करते ते मला कोणी सांगायची गरज होती का? सायलेन्सरच्या आधी धूर साफ करणारा एक डबा असतो, त्याच्या जाळीवर ते बसते अन् जाळी बुजते. धूर मोजणारे सेन्सर मरतात. धुराला वाट मिळाली नाही की इंजिन तापते, वॉल्व्ह जळतात. हे सगळं मला येत होतं. आणलं तरी.

काऊन आणलं, असं विचाराल. दादा पुण्यात, दादा परदेशात, दादाची गाडी. मी सौंसरला, बाबांच्या गोळ्या, संत्र्याच्या गाड्या अन् बारावीचे पेपर. रविवारी सकाळी पांढुर्णा रस्त्यावर दोन्ही बाजूंनी संत्र्याचे बगीचे मागं पळत, बसस्टॉपवरची माणसं वळून वळून पाहत, अन् मला वाटे की आज मी कोणीतरी आहे. गाडी पंधरा दिवसांतून एकदा काढायची होती. मी दर रविवारी काढू लागलो. नरसाळं लावून एक डबा टाकला. मग दुसरा आणला. मग तिसरा. फरक पडला का? सांगूनच टाकतो — काही पडला नाही. फळ्यावर लिहितो तसंच झालं. वास तेवढा गोड येत होता, अन् मी स्वतःला सांगत होतो की काय पळून राहिली.

तिसऱ्या डब्यापर्यंत गाडी गुदमरायला लागली. चढावर ओढेना. समोरच्या काचेखाली पिवळा दिवा लागला तो विझेना. मी निळं तेल संपवलं, वरून साधं पेट्रोल भरलं अन् गाडी गोदामात उभी करून ठेवली. रिकामे डबे पेट्यांच्या मागं. वाटलं, बसेल आपोआप ठीक.

इथपर्यंतचं सांगायला मला फारसं जड गेलं नाही. माणूस हौसेपायी असं करतो, लोक दोन शिव्या घालतात अन् सोडून देतात. दादानंही सोडून दिलं असतं. खरं सांगायचं ते पुढं आहे, अन् तिथं पोचायला मला उगीच वेळ लागून राहिला.

परदेशातलं काम संपवून पोळ्याला दादा येणार होता. दोन दिवस आधी बाबांनी काकांना बोलावून घेतलं, गाडी एकदा पाहून दे म्हणून. काका मोटरसायकलवर आले. इंजिनचं जुनं तेल काढलं, फिल्टर बदलला, नवं तेल टाकलं. गाडी चालू करून पेचकस कानाला लावला. बराच वेळ ऐकत राहिले. मग एक प्लग काढला अन् उजेडात धरला. त्याच्यावर राखाडी-पिवळट थर बसलेला. काकांनी तो नखानं खरवडला, बोट नाकाजवळ नेलं.

“बाल्या,” ते म्हणाले, “असा रंग मी जुन्या तेलाच्या काळी पाहत होतो. शिश्याचं पेट्रोल येत होतं ना, तवाचा. कोन्या पंपाचं तेल टाकलं तू यात?”

पकडलं होतं त्यांनी. ना कॉम्प्युटर, ना काही — एका नखानं. एवढ्या वर्षांचं सगळं शिक्षण घेऊन मी समोर उभा, अन् सातवी शिकलेला माणूस मला माझाच विषय अचूक सांगून राहिला होता. मला काय वाटलं असेल? लाज वाटली असेल, असं तुम्हाला वाटत असेल. राग आला मला. मी म्हटलं, काका, शिश्याचं पेट्रोल बंद होऊन जमाना झाला, मी शिकवतो ते. आपल्या नेहमीच्या पंपाचंच आहे. अन् वर म्हटलं, “डोळे तपासून घ्या एकदा.”

त्यांनी प्लगकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. “तू सर माणूस,” ते म्हणाले. “तुले माह्यापेक्षा जास्त माहीत.” अन् प्लग पुसून परत बसवला. माझ्या शब्दावर त्यांनी स्वतःच्या नजरेचं ऐकणं सोडलं, त्या दिवशी पहिल्यांदा.

पोळ्याच्या सकाळी दादा बाबांना बाजूला बसवून गाडी घेऊन निघाला. बोरगावच्या जवळ गाडीनं धूर टाकला अन् बंद पडली. दोरी लावून ती एका मोठ्या ट्रकवर चढवली अन् नागपूरच्या वर्कशॉपात पाठवली. तिकडं ट्रक वळला, अन् इकडं मी रिकामे तीन डबे भंगारवाल्याच्या ठेल्यावर घातले. घरात बैलांच्या पूजेची तयारी चालली होती. मला कोणी काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार. जामच्या या काठाला पांढुर्णा, त्या काठाला सावरगाव, अन् दोन्हीकडचे लोक नदीवरून एकमेकांना दगड मारतात — तुम्हाला माहीत असेल. काकांचं दुकान नदीच्याच रस्त्यावर, पण त्यांना ते पाहवत नसे. दरवर्षी त्या दिवशी दुकान बंद करून ते सौंसरला आमच्याकडं जेवायला येत. माझ्या आठवणीत एकही साल चुकलं नव्हतं. त्याही वर्षी आले. अंगणात बाबांच्या बाजूला पाटावर बसले, ताटात पुरणपोळी, अन् तेवढ्यात दादाचा फोन वाजला. वर्कशॉपवाला होता. सगळ्यांना ऐकू यावं म्हणून दादानं आवाज मोठा केला.

“भैया, इसमें किसी ने गलत तेल डाला है,” तो हिंदीत म्हणाला. “इंजन गया समझो.”

आता एक गोष्ट समजून घ्या. आमच्याकडं पेट्रोलही तेल, डिझेलही तेल, अन् इंजिनातलं ऑइलही तेलच. पंपावर जाऊन म्हणतो तेल टाका, मिस्त्रीकडं जाऊन म्हणतो तेल बदला. कधी कोणाचा घोटाळा होत नाही, कारण बोलणारा कुठं उभा आहे ते दिसत असते. वर्कशॉपवाला कुठंच दिसत नव्हता. तो पेट्रोलचं बोलून राहिला होता. फोन ठेवून दादानं विचारलं, “तेल कोणी टाकलं?”

काकांच्या हातात घास होता. “मीच टाकलं,” ते म्हणाले. “तीन दिवस झाले. काऊन, काय झालं?”

किती सरळ बोलले. ज्या माणसानं काही केलंच नाही तो किती सरळ बोलतो. बाबांनी मान खाली घातली. त्या अंगणात कोणतं तेल ते फक्त मला माहीत होतं. मी तुपाची वाटी घेऊन दारात उभा. ‘कोणतं तेल?’ — एवढं विचारायचं होतं मला. दोन शब्द. दादानं वर्कशॉपला परत फोन लावला असता, एका मिनिटात उलगडा झाला असता. मी काय केलं? मी पुढं होऊन काकांच्या पोळीवर तूप वाढलं.

कोणी आरडाओरडा केला नाही. केला असता तर कदाचित मी बोललोही असतो — नाही, हेही खोटंच. नसतो बोललो. दादा म्हणाला, जाऊ द्या काका, जुनी गाडी होती. त्यानं ती वर्कशॉपवाल्यालाच देऊन टाकली अन् आठवड्याभरात पुण्याला गेला. बाबा काकांना सोडायला फाटकापर्यंत गेले. मोटरसायकल चालू व्हायच्या आधी त्यांचा आवाज मला ऐकू आला. “मारोत, आता तू आराम करत जा.” पुढच्या पोळ्याला बाबांनी निरोप पाठवला नाही, अन् काका आले नाहीत. एकमेकांना शिव्या देऊन जेवणारे दोन म्हातारे, त्यानंतर कधी एका पंगतीला बसले नाहीत. बाबांच्या मयतीला काका आले तेव्हा मागं, भिंतीला टेकून उभे होते.

तुम्हाला वाटत असेल की हेच ते. गप्प राहिलो, हाच माझा गुन्हा. मीही स्वतःला सात वर्षं हेच सांगितलं — गप्प राहिलो, बस. गप्प राहणं तर कोणालाही जमते.

मी बोललो होतो.

गोटमारीला दोन-तीन आठवडे झाले असतील. दुपारी शाळा सुटली तर फाटकाबाहेर काका उभे. पांढुर्ण्याहून बसनं आले होते. मोटरसायकल का नाही आणली ते मी विचारलं नाही. पिशवीतून त्यांनी तेलाचा डबा काढला, रिकामा, त्यांनीच दादाच्या गाडीत टाकलेल्या इंजिनच्या तेलाचा. जपून ठेवला होता. डब्यावरचं इंग्रजी त्यांना नीट वाचता येत नव्हतं. “बाल्या, तू वाचून सांग,” ते म्हणाले. “मी तर हेच टाकतो नेहमी. दुकानदारालेही विचारलं. मले नींद नाही. माह्या हातून काय चुकलं, तेवढं सांग. तू सायन्सवाला हायस.”

मी डबा हातात घेतला. वाचला. बरोबर होतं तेल, अगदी बरोबर, त्या गाडीला हवं तेच. रस्त्यावर आमच्याशिवाय कोणी नव्हतं. न दादा, न बाबा. त्या माणसाला माझ्याकडून भरपाई नको होती, माफी नको होती, त्याला फक्त कळायचं होतं. याहून सोपी वेळ कोणाला मिळेल का?

मी म्हटलं, “काका, होते असं. वय झालं आता. फिल्टर नीट बसला नसेल, नाहीतर डबा बदलला असेल तुमच्याकडून. आठवत नाही माणसाला.”

बोलताना माझा आवाज मायेचा होता. खांद्यावर हातही ठेवला मी त्यांच्या. ते माझ्या तोंडाकडं पाहत राहिले, अन् मला दिसलं — अगदी समोर दिसलं — की त्यांनी ते मानलं. मी सांगितलं म्हणून मानलं. डबा पिशवीत घातला अन् म्हणाले, “असंन. हात आता पहिल्यासारखा नाही राहिला.” त्यांचा हात तेव्हा माझ्या हातापेक्षा स्थिर होता.

हे आहे ते. हे मी कधी कोणाला सांगितलं नाही.

त्यानंतर त्यांनी इंजिन उघडणं सोडलं. आधी मोठ्या गाड्या परत पाठवू लागले, मग मोटरसायकलीही. लोक म्हणत, मारोतराव घाबरट झाले, एक नट चारदा तपासतात. मग नुसते पंक्चर काढू लागले. त्यातही एकदा कोणाला म्हणाले म्हणे, हवा बरोबर भरली का पाहून घ्या बापा, माह्यावर भरवसा ठेवू नका. दोन वर्षांत शेडला कुलूप. पांढुर्णा जिल्हा झाला, त्या रस्त्यावर नवीन दुकानं लागली, त्यांच्या शेडच्या जागी आता मोबाइलवाला आहे. घरी बसल्या बसल्या त्यांचा हात खरंच थरथरायला लागला. काकू सांगत, चहात साखर टाकली तरी विचारतात, साखरच टाकली ना मी? ज्या कानानं त्यांनी आयुष्यभर इंजिनं ऐकली, त्या कानावर त्यांचा विश्वास राहिला नाही. हे मी केलं. म्हातारपणानं नाही केलं. मी शाळेच्या फाटकासमोर उभा राहून, खांद्यावर हात ठेवून केलं.

या उन्हाळ्याच्या तोंडी ते गेले. मी खांदा दिला.

त्याच्या आधीची एक भेट राहिली. दिवाळीनंतरची. शाळेच्या कामानं पांढुर्ण्याला गेलो होतो, बसला वेळ होता. जाऊ नये असं वाटत होतं, अन् गेलो. काका उन्हात खाटेवर बसलेले, अंगावर स्वेटर. काकूनं चहा आणला. काकांनी कप दोन्ही हातांनी धरला तरी बशीत सांडला. मी ठरवलं होतं का त्या दिवशी सांगायचं? माहीत नाही. पण माझ्या आधी तेच बोलले.

“बाल्या, तुह्याशी एक बोलाचं होतं. तवा सगळ्यायनं माह्या तोंडावर गोड गोड सांगतलं. भाऊ म्हने आराम कर, दादा म्हने जाऊ द्या. तू एकटा खरं बोलला. मले लागलं तवा, लय लागलं. पन मंग समजलं. आज तेलात चुकलो, उद्या कोनाचे ब्रेक बसवतानी चुकलो असतो. कोनाच्या घरचा जीव गेला असता. तुह्यामुळं मी वेळेवर थांबलो.”

अन् कप खाली ठेवून त्यांनी हात जोडले. मला.

मी म्हटलं, “बरं केलं काका. वेळेवर थांबले तुम्ही.” अन् उरलेला चहा पिऊन टाकला.